पत्त्यांवर पोट भरणारी माणसे

मराठी घरात पत्त्यांना दोन जागा असतात. मे महिन्याच्या सुट्टीत आजीभोवती बसून खेळलेले बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट ही पहिली जागा. तेथे पत्ते हा कौटुंबिक सुखाचाच एक भाग असतो. दुसरी जागा बंद दाराआडची. तेथे पैसे लागतात, आवाज खाली येतो आणि खेळणाऱ्याचे नाव नातेवाइकांत दबक्या सुरात घेतले जाते. आपल्या बडोद्यात श्रावण लागला, सातम-आठम जवळ आली, की तीन पत्तीचे फड बसतात आणि पाठोपाठ वृत्तपत्रांत पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या झळकतात. पत्त्यांना याखेरीज तिसरी जागा असू शकते, पत्ते हा एखाद्या सुशिक्षित माणसाचा पूर्णवेळ व्यवसाय असू शकतो, ही कल्पना मात्र आपल्या पिढीच्या सहज पचनी पडत नाही.

बालरोगतज्ज्ञाने पोकरसारख्या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आपण ज्यांना लसी टोचल्या ती मुले मोठी होतात, पण त्यांचे आई-वडील आपला दवाखाना विसरत नाहीत. मुलाच्या तापासाठी येणारे पालक पुढे त्याच्या करिअरसाठीही येतात. गेल्या काही वर्षांत ‘पोकर’ हा शब्द अशा पालकांच्या तोंडून माझ्या कानी पडू लागला, तेव्हा या विषयाचा शक्य तितका अभ्यास करणे मला आवश्यक वाटले. त्यातून जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

नळाने शिकलेली विद्या

द्यूत म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो. परंतु महाभारतातच द्यूताची आणखी एक कथा आहे, आणि तिचे आपल्या शहराशी नाते आहे. सतराव्या शतकातील बडोद्याचे थोर गुजराती कवी प्रेमानंद भट्ट यांनी ‘नळाख्यान’ रचले, आणि माणभट्टांनी माणेवर ठेका धरून अशी आख्याने गुजरातेत घरोघरी पोचवली. मूळ कथा वनपर्वातील. पुष्कराशी फासे खेळून नळ राज्य गमावतो आणि पुढे बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. प्रवासात ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे केवळ पाहून त्याच्या फांद्यांवरील पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवून मोजदाद करतो, तो संख्या बरोबर ठरते. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे रहस्य शिकतो.

त्रिफळा चूर्णातील हिरडा, बेहडा, आवळा आपणा सर्वांना ठाऊक आहेत. यातील बेहड्याची फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरली जात. म्हणजे अंदाजाने मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या कथाकाराने एकाच झाडाखाली आणून ठेवली आहे. संभाव्यताशास्त्राच्या इतिहासावर १९७५ मध्ये ग्रंथ लिहिणारे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनीही या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. न मोजता खेळणारा नळ राज्य हरतो, मोजायला शिकलेला नळ ते परत जिंकतो. ही कथा ऐकवून बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाही ती विद्या देतात, आणि अज्ञातवासात धर्मराज ‘कंक’ नाव घेऊन विराटाच्या दरबारी द्यूतपटू म्हणून राहतो. फाशांवर उपजीविका करणारा आपल्या परंपरेतील हा बहुधा सर्वांत प्रतिष्ठित मनुष्य होय.

खेळ आणि त्याचे अर्थकारण

आज स्पर्धांतून सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या पोकरच्या प्रकारास टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात, ती झाकलेली असतात. टेबलावर सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. पैज लावण्याच्या चार फेऱ्या होतात. कोणीही कोणत्याही फेरीत पाने टाकून बाजूला होऊ शकतो. अनुभवी खेळाडू बहुतेक डावांत नेमके हेच करतो. पाने न खेळणे हे त्याच्या व्यवसायातील पहिले कौशल्य.

यात नशीब किती आणि कौशल्य किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हाती दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. ही सर्वोत्तम सुरुवात. समजा, समोरच्याकडे दोन राजे आहेत आणि दोघांनीही पहिल्याच फेरीत सर्व चिप्स पुढे सरकवल्या. एक्केवाला सुमारे ८२ टक्के वेळा जिंकेल. याचाच अर्थ, निर्णय पूर्णतः निर्दोष असूनही शंभरात अठरा वेळा तो हरेल, आणि स्पर्धा असेल तर बहुधा त्याच क्षणी उठून घरी जाईल. एका संध्याकाळी नशीबच राज्य करते. हजारो डावांची बेरीज केली तर कौशल्य वर येऊ लागते. व्यावसायिक खेळाडूचे सारे जीवन या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात जाते.

स्पर्धेत प्रवेशशुल्क भरून ठरावीक चिप्स मिळतात. त्या संपल्या की खेळ संपला. मोठ्या स्पर्धांत साधारणतः वरच्या १५ टक्क्यांच्या आसपास खेळाडूंनाच बक्षीस मिळते, त्यातही मोठा वाटा अखेरच्या टेबलावरील मोजक्यांचा. उत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक दिवशी रिकाम्या हातानेच परततो. शिवाय टेबलावर नवी संपत्ती निर्माण होत नाही. एकाचे जिंकणे हे दुसऱ्याचे हरणे असते आणि आयोजकाचा हिस्सा वेगळा निघतो. शेतकरी, शिक्षक वा वैद्य यांच्या उत्पन्नापेक्षा हे उत्पन्न या अर्थाने मुळातच निराळे आहे.

दोन चरित्रे

या खेळाची सर्वांत नामांकित स्पर्धा म्हणजे लास व्हेगासची ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’. ती १९७० मध्ये बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोत सुरू झाली. पहिल्या वर्षी तर विजेता खेळाडूंच्या मतदानाने ठरला होता. २००३ मध्ये टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला, ८३९ खेळाडूंत अव्वल ठरून २५ लाख डॉलर जिंकले, आणि सामान्य माणसाच्या मनात एक स्वप्न पेरले. तीनच वर्षांनी त्या स्पर्धेत ८,७७३ खेळाडू उतरले. २०२४ मध्ये ही संख्या १०,११२ होती.

दुसरे चरित्र स्टू अंगर यांचे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा पत्त्यांतील विलक्षण प्रतिभावंत. जिन रमीत त्याच्याशी खेळायला कोणी धजेना, म्हणून तो पोकरकडे वळला. त्याने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे मुख्य स्पर्धा जिंकली. पुढे कोकेनने त्याला ग्रासले. १९९७ मध्ये प्रवेशशुल्काचे १०,००० डॉलरही जवळ नव्हते, ते बिली बॅक्स्टर या मित्राने भरले. अंगरने तिसऱ्यांदा विजेतेपद मिळवले आणि १० लाख डॉलरची दोघांत वाटणी झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलमध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी तो मृतावस्थेत आढळला. अंत्यविधीसाठी परिचितांना वर्गणी काढावी लागली.

तरुण मुले मनीमेकरचे नाव सांगतात, पालकांना अंगर दिसतो. दोन्ही चरित्रे खरी आहेत, पण दोन्ही टोकाची आहेत. ज्यांनी पाच-सात वर्षे खेळून, जिंकल्याइतकेच हरून, निमूटपणे नोकरी धरली, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. आपल्याकडे बऱ्या झालेल्या रुग्णाची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि पाठपुराव्याला न आलेल्या रुग्णांची संख्या कोणी विचारत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एकच खेळ, अनेक कायदे

आपल्या देशात हा व्यवसाय करू पाहणाऱ्याला आणखी एका अनिश्चिततेस तोंड द्यावे लागते. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा पुढे महाराष्ट्राकडे आणि गुजरातकडेही आला. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज आणि रमीबरोबर पोकरही नाव घेऊन वगळला आहे. याउलट डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने पोकर हा कौशल्याचा नसून जुगाराचा खेळ असल्याचा निर्णय दिला.

योगायोग असा, की त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात निपुण जावा आणि आदित्य सुशांत या भारतीय जोडीने लास व्हेगासच्या याच मालिकेतील जोडीने खेळण्याची स्पर्धा जिंकून सुमारे दीड लाख डॉलरचे बक्षीस मिळवले होते. आणि गुजरातमधील निकालानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, आपापल्या क्षेत्रांत पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, त्यांत मुस्कान सेठी या पोकरपटूचाही समावेश होता. कोलकात्यात खेळ, अहमदाबादेत जुगार आणि दिल्लीत गौरव! पालक गोंधळले तर त्यांना दोष कसा द्यावा?

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ त्याने प्रतिबंधित केले. मात्र त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यास आणि त्याची जाहिरात करणाऱ्यास, खेळणाऱ्यास नव्हे. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. तथापि देशातील मोठ्या संकेतस्थळांनी पैशांचे खेळ काही दिवसांतच बंद केले. घरबसल्या खेळून पोट भरणाऱ्या तरुणांच्या व्यवसायाचे दार असे एका आठवड्यात मिटले. उरली ती परदेशातील मैदाने आणि आपल्याजवळचा गोवा. तेथे १९७६ च्या कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर परवानाधारक कॅसिनो चालतात. करांची बाजूही कठीण. टेबलावर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो, प्रवास वा निवास यांच्या खर्चाची वजावट मिळत नाही आणि एका स्पर्धेतील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

वहीचा प्रश्न

आता माझ्या दवाखान्यातील दोन तरुणांविषयी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला एकोणीस वर्षांचा. आई त्याला ‘झोप येत नाही’ म्हणून घेऊन आली. वडिलांच्या कार्डावरून मोबाइलवर पैसे गेले होते. मी त्याला विचारले, “आजवर किती जिंकलास?” त्याने तारखांसह सांगितले. “आणि हरलास किती?” तो माझ्याकडे पाहतच राहिला. ठाऊक नव्हते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, त्यासाठी उसने घेणे, घरी खोटे बोलणे, ही सारी लक्षणे होती. २०१३ च्या डीएसएम-५ ने जुगाराच्या विकाराला मद्य आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवले आहे आणि आयसीडी-११ मध्येही तो व्यसनाधीन वर्तनात मोडतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रॅमिपेक्सोलसारखी औषधे सुरू केल्यावर जुगाराची अनिवार ओढ लागते, हे आपण वाचलेले आहे. मेंदूतील डोपामिनच्या यंत्रणेशी असलेला हा संबंध लक्षात घेतला, तर अशा मुलाला ‘संस्कार कमी पडले’ असे म्हणणे किती निरर्थक आहे, हे ध्यानात येते. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. उपचार चालू आहेत.

दुसरा चोवीस वर्षांचा अभियंता. त्याच्या गोवरापासून दहावीतील टायफॉइडपर्यंतची सर्व दुखणी मी पाहिलेली. नोकरी सोडून गोव्याला जायचे म्हणत होता. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात व्यवस्थापक, आई शिक्षिका. दोघे त्याला घेऊन आले ते २०२५ च्या दिवाळीनंतर. वडील म्हणाले, “डॉक्टर, तुमचे तो ऐकतो. त्याला समजावा. लोकांना आम्ही काय सांगायचे?” मुलाने पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. “काका, बाबा मला जुगारी म्हणतात. तुम्ही हे बघा आणि सांगा.”

वहीत दीड वर्षातील प्रत्येक स्पर्धेची नोंद होती : तारीख, शुल्क, क्रमांक, बक्षीस, आदल्या रात्रीची झोप, आणि शेवटच्या रकान्यात कोणता निर्णय चुकला. जिंकलेल्या दिवशीच्या चुकाही लिहिल्या होत्या. एकूण बेरीज नफ्याची होती, पण तो नफा जवळजवळ एकाच मोठ्या बक्षिसाचा होता. मी त्यावर बोट ठेवण्याआधीच तो म्हणाला, “हे एक बक्षीस काढले तर मी तोट्यात आहे, काका. एवढ्या नोंदींवरून मी चांगला खेळतो की नशीबवान आहे, ते ठरत नाही. म्हणून मला आणखी दोन वर्षे हवी आहेत.”

लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवत आलो आहे. ते इतक्या प्रांजळपणे, स्वतःच्या पोटापाण्याविषयी बोलताना कोणी मांडलेले मी क्वचितच ऐकले आहे. वडिलांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि बराच वेळ पाने उलटत राहिले. आईचा प्रश्न निराळा होता : “तिथे हा वेळेवर जेवेल का?” त्यावर मात्र वहीत रकाना नव्हता.

मी कोणाच्याही बाजूने निकाल दिला नाही. त्या दिवशी तिघांत जे ठरले ते असे : मुदत दोन वर्षांची. खेळायचे ते फक्त स्वतःच्या शिलकीतून, कोणाकडून उसने घेऊन नाही. वैद्यकीय विमा चालू ठेवायचा. वही दर महिन्याला वडिलांना दाखवायची. शिल्लक अर्ध्यावर आली तर मुदतीची वाट न पाहता थांबायचे. ती मुदत अद्याप संपलेली नाही. मुलगा गोव्यात आहे. वडील अजूनही नातेवाइकांना ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असेच सांगतात. पण दर महिन्याला मुलाशी तासभर बोलणे होते, आणि ते नोकरीच्या दिवसांतही होत नव्हते, असे त्यांनीच मला सांगितले.

वहीचा प्रश्न हा निदानाचा निकष नव्हे. निकष ग्रंथांत आहेत आणि शंका आल्यास मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवावे. मात्र “हा जुगार की कौशल्य?” या वादात पालक आणि मूल यांचे बोलणे खुंटते आणि “हरलेल्याचा हिशेब दाखव” म्हटले की ते सुरू होते, हा माझा अनुभव आहे.

आपल्यासाठी काय?

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयशस्त्रक्रियेचा तोच निर्णय, तीच जोखीम आणि तीच माहिती लोकांपुढे ठेवली. बदलला होता तो केवळ शेवट. रुग्ण वाचल्याचे वाचणाऱ्यांनी तो निर्णय चांगला ठरवला, रुग्ण दगावल्याचे वाचणाऱ्यांनी वाईट. त्याच विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारी ॲनी ड्यूक पुढे व्यावसायिक पोकरपटू झाली आणि २०१८ मधील आपल्या पुस्तकात तिने हाच मुद्दा पत्त्यांच्या टेबलावरून मांडला : फळावरून निर्णयाची परीक्षा करू नये.

हे आपल्याला नवीन नाही. योग्य उपचार देऊनही बाळ दगावते आणि नातेवाइकांचा रोष पत्करावा लागतो, हे आपल्यातील प्रत्येकाने भोगलेले आहे. त्याची दुसरी बाजू आपण क्वचित तपासतो. विषाणूजन्य तापात अनावश्यक प्रतिजैविक दिले, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पालक पेढे घेऊन आले. यात निर्णय चुकीचा होता आणि डाव जिंकला होता. अशा जिंकलेल्या डावांची नोंद कोणत्या रुग्णालयात ठेवली जाते?

पोकरपटू आणि वैद्य यांत एक मोठा भेद आहे, तो विसरून चालणार नाही. हरलेल्या डावानंतर पाने पुन्हा पिसली जातात आणि खेळाडूला नवा डाव मिळतो. आपल्यापुढील बालकाच्या आई-बापांना तसा दुसरा डाव नसतो, शंभरातील अठरा ही संख्या त्यांच्यासाठी निरर्थक असते. म्हणूनच वही लिहिण्याची जबाबदारी त्या मुलापेक्षा आपल्यावर अधिक आहे. मृत्यूंची चर्चा करण्याची पद्धत आपल्या बैठकांत आहेच. तिच्या जोडीने वर्षातून एकदा, ज्या रुग्णांत सर्व काही सुरळीत पार पडले पण निर्णय तपासण्याजोगा होता, अशा दोन-तीन रुग्णांची चर्चा आपल्या संस्थेने ठेवावी, अशी माझी सूचना आहे. पहिल्या बैठकीत माझ्या दवाखान्यातील नोंदी मांडण्यास मी तयार आहे.